प्रोजेक्ट झोमबॉइड, बिल्ड 41: आवाज आणि दम सांभाळणाऱ्यांचा गेम

प्रोजेक्ट झोमबॉइड या झॉम्बींच्या जगात तगून राहण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये दोन गोष्टी सतत मोजत राहायच्या असतात: आपण किती आवाज करतोय आणि आपल्या अंगात किती दम उरलाय. शस्त्रं, गाड्या, घराची तटबंदी, शेती, शिवणकाम असं या गेममध्ये पुष्कळ काही आहे. पण नवा खेळाडू पहिल्या आठवड्यात मरतो तो बहुधा या दोन हिशेबांत चुकून. ते जमले की हा गेम महिनोन् महिने हातातून सुटत नाही. ते न शिकता बंदूक घेऊन रस्त्यावर उतरलात, तर पैसे वाया गेले असंच वाटेल.

गेम द इंडी स्टोन या छोट्या स्वतंत्र स्टुडिओचा. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात तो नोव्हेंबर 2013 मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आला. कॅमेरा वरून तिरका, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला एक काल्पनिक भाग, जुलै 1993. मलड्रॉ, वेस्ट पॉइंट, रिव्हरसाइड, रोझवूड ही गावं आणि वर लुईव्हिल हे मोठं शहर. सगळा नकाशा पहिल्या दिवसापासून खुला असतो. कथा नाही, मिशन नाही, शेवट नाही. तुम्ही मरणार हे गेम सुरुवातीलाच पडद्यावर सांगून टाकतो. किती दिवसांनी आणि कशामुळे, एवढंच तुमच्या हातात. हे परीक्षण बिल्ड 41 या आवृत्तीवर आहे. बिल्ड 42 डिसेंबर 2024 मध्ये अनस्टेबल, म्हणजे चाचणीच्या, शाखेत आली. तिच्यात प्राणी, तळघरं, हस्तकलेची नवी व्यवस्था असं बरंच काही आहे, पण 41 ची सेव्ह 42 मध्ये चालत नाही आणि जुने मॉडही (खेळाडूंनी बनवलेले बदल) मोडतात. पहिल्यांदा खेळणाऱ्याने 41 वरच हात बसवावा, हे आमचं स्पष्ट मत.

आधी मशीनचं बोलू. किमान गरज आहे 64 बिट विंडोज 10, चार कोअरचा प्रोसेसर, 8 जीबी रॅम, 2 जीबीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि 5 जीबी जागा. नाशिकमधल्या इंजिनीअरिंगच्या मुलांकडे असतात तसे साधे गेमिंग लॅपटॉप यासाठी पुरेसे आहेत. ग्राफिक्स साधं दिसतं म्हणून गेम हलका असेल असं मात्र धरू नका. शेकडो झॉम्बींचा हिशेब एकाच वेळी चालतो, तो भार प्रोसेसर आणि रॅमवर येतो. कॅमेरा जितका लांब न्याल तितकं जास्त चित्र काढावं लागतं, म्हणून गर्दीत अडखळायला लागलं की आधी झूम जवळ घ्या. मग डिस्प्लेच्या पर्यायांत जाऊन लायटिंगची क्वालिटी, पाण्याची आणि डबक्यांची क्वालिटी, रक्ताचे डाग हे सगळं कमी करा. फ्रेमरेट 60 वर बांधून ठेवा. एप्रिल-मेच्या दुपारी लॅपटॉप तापून मंदावतो तो त्रास यामुळे बराच कमी होतो. अक्षरं बारीक वाटली तर फाँटचा आकार तिथेच वाढवता येतो. 15 इंची पडद्यावर तो वाढवाच, कारण या गेममध्ये वाचायला खूप आहे आणि सगळं इंग्रजीत आहे.

गेम आपोआप सेव्ह होतो, मागची वेगळी सेव्ह उघडण्याची सोय नाही. पात्र मेलं की मेलं. त्याच जगात नवं पात्र घेऊन उतरता येतं, आणि जुन्या पात्राला संसर्ग झालेला असेल तर ते झॉम्बी होऊन तिथेच कुठेतरी फिरत असतं, आपल्याच बॅगेसकट. ही रचना आम्हाला आवडते. पण वळवाचा वारा सुटला की नाशिकमध्ये वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि डेस्कटॉप मधेच बंद पडला तर सेव्ह खराब होऊ शकते. यूपीएस नसेल तर खेळ थांबवल्यावर रोज सेव्हची प्रत काढून ठेवा: सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात झोमबॉइड, त्यात सेव्हज. हे फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवलं की काम झालं. याच कारणामुळे कॉलेज रोड, गंगापूर रोडकडच्या तासावर चालणाऱ्या कॅफेत हा गेम जमत नाही. सेव्ह त्या मशीनवरच राहते, आणि रीस्टार्टला सगळं पुसणारी मशीन असेल तर दुसऱ्या दिवशी काहीच उरत नाही. तिथेच खेळायचं असेल तर तेच फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन फिरावं लागेल.

पात्र बनवताना बहुतेक जण घाई करतात. व्यवसाय आणि गुण-दोष यांचा पॉइंटांचा हिशेब असतो: चांगला गुण घ्यायला पॉइंट खर्च होतात, दोष घेतला की पॉइंट मिळतात, आणि शेवटी बेरीज उणे राहता कामा नये. नव्या खेळाडूला अग्निशामक दलाचा जवान हा व्यवसाय उत्तम. तो शून्य पॉइंटांचा आहे, आणि ताकद, फिटनेस, धावणं आणि कुऱ्हाड या चारही कौशल्यांत एकेक पायरी वर देतो. दोषांत सिगारेटचं व्यसन घ्या, 4 पॉइंट मिळतात. सिगारेटी घराघरांत आणि झॉम्बींच्या खिशांत सापडतात, फक्त लायटर किंवा काडेपेटी जवळ हवी. जास्त तहान लागण्याचे 6, नाजूक पोटाचे 3. हे झाले 13. त्यातून तीक्ष्ण कान 6 ला आणि दणकट बांधा 6 ला घ्या. एक पॉइंट शिल्लक राहतो, राहू द्या. तीक्ष्ण कान हा गुण आम्ही कधीच सोडत नाही, कारण या गेममध्ये पाठीमागचं दिसत नाही आणि चावा बहुतेक वेळा पाठीमागूनच बसतो. तहानेच्या दोषाचा पहिला काही काळ त्रास नाही, नळाला पाणी असतं. पुढे पाण्याची पिंपं लावावी लागतात, त्याचं खाली येईलच.

गाव निवडताना रोझवूड घ्या. झॉम्बी तुलनेने कमी, गावात अग्निशामक केंद्र आणि पोलीस ठाणं दोन्ही. केंद्रात कुऱ्हाडी आणि जाड कोट मिळण्याची शक्यता चांगली. गावाबाहेरच्या तुरुंगाच्या वाटेला मात्र जाऊ नका. वेस्ट पॉइंटला बंदुकांचं दुकान आहे म्हणून मुलं आधी तिकडे जातात आणि मरतात. लुईव्हिल तर पहिल्या काही महिन्यांत विसराच. तिथल्या मधल्या चौकांत सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडावर असते तशी गर्दी असते, आणि ती सगळी तुमच्याकडे वळते.

आता लढाई. कंट्रोल किंवा माउसचं उजवं बटण दाबलं की पवित्रा घेतला जातो, डाव्याने वार, स्पेसने धक्का. धक्क्याने पडलेल्या झॉम्बीच्या डोक्यावर पाय देता येतो. शिफ्टने धावणं, ऑल्टने जीव तोडून धावणं. मूळ सेटिंगमध्ये एक वार एकालाच लागतो, मग समोर तिघे उभे असले तरी. म्हणून तंत्र असं: पवित्रा घ्या, मागे मागे चालत राहा, झॉम्बी हत्याराच्या टप्प्यात येईपर्यंत थांबा, एक वार, पुन्हा दोन पावलं मागे. बटण बडवत राहिलात तर वार हवेत जातात आणि दम फुकट जातो. मागे कुठे सरकणार आहात ती जागा आधी पाहून ठेवा. घराच्या कोपऱ्यात किंवा दाराच्या अरुंद चौकटीत मागे सरकणारा अडकतो. दोघांपर्यंत ठीक. तिघे-चौघे एकदम अंगावर आले आणि वेढा पडला तर खाली ओढून मारतात, तिथे आरोग्याची पट्टी किती भरलेली आहे याला अर्थ उरत नाही.

सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे कमरेएवढं कुंपण. तुम्ही ओलांडून पलीकडे जा, तीन-चार पावलं मागे थांबा. झॉम्बी कुंपणावरून येताना तोंडावर पडतो आणि उठेपर्यंत तुमच्या ताब्यात असतो. एकेक करून दहा जणही असे संपवता येतात, पण मधेच थांबून श्वास घ्यायचा. इथेच दम आला. पडद्याच्या उजव्या कडेला छोटी चिन्हं येतात: भूक, तहान, थकवा, भीती, ओझं, धाप. धाप लागल्याचं चिन्ह दिसलं की वाराचा जोर पडतो. ते गडद होत गेलं की एका झॉम्बीला दोनऐवजी सहा-सात वार लागतात, आणि तेवढ्यात बाकीचे पोचतात. नवे खेळाडू म्हणतात हत्यार कमजोर निघालं. हत्याराचा दोष नसतो, पात्र धापा टाकत असतं. धाप लागली की चालत दूर जा, धावू नका. वाटेत वळण घेऊन नजरेआड व्हा, आणि जमिनीवर बसा. बसल्याने दम लवकर भरतो. पाठीवर मर्यादेपेक्षा जास्त ओझं असेल तर हाच दम दुप्पट वेगाने जातोय असं वाटेल, म्हणून लढायला उतरण्याआधी जड पिशव्या दाराशी टाकून द्याव्यात. झोप झालेली नसताना लढूच नये.

हत्यारांत पहार पहिली. मारा मध्यम, पण ती तुटता तुटत नाही. कुऱ्हाड जोरदार, पण दम खाते. बेसबॉलची बॅट सुरुवातीला छान. चाकूने अगदी जवळून जबड्याखाली वार बसला तर एका फटक्यात काम होतं आणि दमही जात नाही, मात्र स्वयंपाकघरातले चाकू पटापट मोडतात, तीन-चार जवळ ठेवावे लागतात. झाडाच्या फांदीला चाकूने टोक काढून भाला करता येतो. पल्ला लांब, आयुष्य कमी. पण जंगलाजवळ असाल तर फुकटात मिळतो. शॉटगन शेवटी. तिचा एक बार म्हणजे अख्ख्या पेठेला आमंत्रण, आणि पाच काडतुसांत वीस जण येणार असतील तर तो व्यवहार तोट्याचा.

आवाजाचं गणित लढाईपेक्षाही महत्त्वाचं आहे. खिडकीची काच फोडणं, झाड तोडणं, हातोडा मारणं, गाडी सुरू करणं, जनरेटर चालणं, या सगळ्याचा आवाज झॉम्बींना जातो. घर उघडताना आधी दारं बघा, मग प्रत्येक खिडकी. एखादी तरी बिनकडीची निघते. काच फोडावीच लागली तर आत शिरण्याआधी उजव्या क्लिकने उरलेल्या काचा काढा, नाहीतर हात-पाय कापून घ्याल. काही घरांना चोरघंटा असते. ती वाजली की एकही वस्तू न उचलता निघायचं, कपाटात काय दिसलं हे विसरून जायचं. आत गेल्यावर पडदे ओढा. पडदा नसेल तर चादर खिडकीला लावता येते. आणि बंद दार, विशेषतः बाथरूमचं, सरळ उघडून आत पाऊल टाकू नका. उघडा, दोन पावलं मागे या, थांबा. हे एवढं शिस्तीत केलं तर पहिल्या आठवड्यातले निम्मे मृत्यू टळतात, असं आम्ही ठामपणे म्हणू.

हाच आवाज तुमच्या कामालाही येतो. क्यू दाबलं की पात्र ओरडतं. गोदामात किंवा मोठ्या दुकानात शिरायचं असेल तर बाहेर मोकळ्यावर ओरडून आतली गर्दी बाहेर काढा, लांबचा वळसा घालून त्यांना दूर न्या आणि मग मागून आत या. पोलिसांची गाडी हाती लागली तर एका टोकाला सायरन चालू ठेवून सोडून द्या आणि दुसऱ्या टोकाला आपलं काम उरका.

जखमांचं प्रमाण ठरलेलं आहे. ओरखड्यातून संसर्ग होण्याची शक्यता 7 टक्के, खोल कापल्या गेल्यास 25, चाव्यातून 100. संसर्गावर औषध नाही. मूळ सेटिंगमध्ये दोन ते तीन दिवसांत खेळ संपतो. म्हणून कपड्यांकडे लक्ष द्या. चामड्याचं जाकीट, जाड पँट, बूट, हातमोजे हे दिसेल तिथून उचला. सुई, दोरा आणि डेनिमच्या किंवा चामड्याच्या पट्ट्या असतील तर कपड्याच्या प्रत्येक भागाला ठिगळ लावून संरक्षण वाढवता येतं. त्यातून शिवणकामाचं कौशल्यही वाढतं. पण जुलै-ऑगस्टच्या उन्हात सगळं जाड अंगावर चढवलं तर घाम, तहान, धाप. मळमळीचं चिन्ह दिसलं की लोक घाबरून पात्र सोडून देतात. तसं करू नका. शिळं अन्न, अशुद्ध पाणी किंवा घराभोवती साचलेली प्रेतं यांनीही मळमळ होते. तटबंदीजवळ वीस-पंचवीस प्रेतं पडली असतील तर ती ओढून लांब टाकणं हे रोजच्या कामातलं काम धरा.

पहिला आठवडा कसा लावायचा ते नीट सांगायला हवं, कारण गेमचं स्वतःचं ट्युटोरियल अगदीच तुटपुंजं आहे. खेळ 9 जुलैच्या सकाळी सुरू होतो आणि मूळ सेटिंगमध्ये गेममधला एक दिवस आपल्या एका तासात संपतो. घरात टीव्ही असेल तर तो सोन्यासारखा. लाइफ अँड लिव्हिंग या चॅनेलवर पहिल्या काही दिवसांत सकाळी 6, दुपारी 12 आणि संध्याकाळी 6 ला कार्यक्रम लागतात. सुतारकाम, स्वयंपाक, मासेमारी वगैरे बघता बघता कौशल्याचे गुण मिळतात. हे कार्यक्रम ठराविक दिवसांनी कायमचे बंद होतात. त्यातली खुबी अशी की त्या कौशल्याचं पहिलं पुस्तक आधी वाचून झालेलं असेल तर मिळणारे गुण कित्येक पटींनी वाढतात. म्हणून पहिल्याच दिवशी जवळच्या घरांतल्या पुस्तकांच्या कपाटांवर धाड घाला, सुतारकामाचा पहिला खंड मिळाला तर रात्रीत वाचून काढा, आणि कार्यक्रमाच्या वेळेला टीव्हीसमोर हजर राहा. त्यानंतर हातोडा आणि करवत मिळवून घरातलं लाकडी फर्निचर मोडत सुटा. फळ्याही मिळतात आणि सुतारकामही वाढतं.

मूळ सेटिंगमध्ये वीज आणि पाणी पहिल्या 30 दिवसांत कधीही जाऊ शकतं. दोन्ही एकाच दिवशी जातील असं नाही. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी घरातली पातेली, बाटल्या, बादल्या भरून ठेवा. टाकी भरून ठेवायची सवय असलेल्या नाशिककरांना हे सांगावं लागू नये. फ्रिजमधलं ताजं आधी संपवायचं, डबे शेवटी. डबे उघडायला ओपनर लागतो, तो पहिल्या स्वयंपाकघरातच शोधा. पाण्याची कायमची सोय म्हणजे पावसाच्या पाण्याचं पिंप: 4 फळ्या, 4 खिळे, 4 कचऱ्याच्या पिशव्या आणि सुतारकामाची चौथी पायरी. फळ्या-खिळे मुबलक मिळतात, अडतं ते कचऱ्याच्या पिशव्यांवर. त्यामुळे प्रत्येक सिंकखाली बघण्याची सवय लावा. पिंपातलं पाणी अशुद्ध असतं. पातेल्यात घेऊन उकळल्याशिवाय पिऊ नका.

जनरेटरवर सगळ्यात जास्त घोळ होतो. तो जोडायला जनरेटरचं मासिक वाचलेलं असावं लागतं, किंवा पात्र इलेक्ट्रिशियन हवं. मासिक पुस्तकांच्या दुकानांत, टपालपेट्यांत, गॅरेजांत शोधा. जनरेटर फार जड असतो, तो गाडीच्या डिकीतूनच आणा. क्रम असा: घराबाहेर जमिनीवर ठेवा, उजव्या क्लिकने जोडा, पेट्रोल ओता, मग सुरू करा. घराच्या आत ठेवून चालवला तर धुराने झोपेत मराल, कारणही कळणार नाही. त्याची वीज 20 चौकटींच्या परिघात पोचते, म्हणून फ्रीज, शेगडी आणि दिवे मध्यावर येतील अशी जागा निवडा. जितकी उपकरणं चालू तितकं पेट्रोल जास्त. खोल्यांतली नको ती उपकरणं आणि दिवे बंद करा. चालता चालता त्याची स्थिती खालावते. बंद करून इलेक्ट्रॉनिक भंगाराने दुरुस्त करत राहायचं, अगदी खाली जाऊ दिलं तर आग लागते. आणि वीज गेल्यावर पंपावरचं पेट्रोलही येत नाही, कारण पंपाला वीज लागते. उपाय दोन. वीज आहे तोवर मिळतील तेवढे कॅन भरून ठेवा, किंवा नंतर दुसरा जनरेटर पंपाशेजारी नेऊन जोडा.

शेगडीवर काही ठेवून विसरू नका. अन्न जळतं, मग आग लागते, आणि लाकडी घर सगळ्या साठ्यासकट जातं. मायक्रोवेव्हमध्ये धातूची वस्तू ठेवली तरी तेच.

साधारण पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडे एक हेलिकॉप्टर येतं. ते तुम्हाला शोधत डोक्यावर घिरट्या घालतं आणि त्याच्या आवाजाने आसपासचे सगळे झॉम्बी तुमच्या दिशेने निघतात. रेडिओवर आपत्कालीन सूचनांची स्वयंचलित वाहिनी शोधून ठेवलीत तर हवेतल्या हालचालीची सूचना मिळते. त्या दिवशी बाहेर पडू नका, पडदे बंद ठेवा, निघायची बॅग आणि तोंड बाहेरच्या बाजूला केलेली गाडी तयार ठेवा.

गाडीची किल्ली बहुतेकदा इग्निशनमध्ये, ग्लव्ह बॉक्समध्ये, गाडीजवळ पडलेली किंवा जवळच्या झॉम्बीकडे असते. किल्लीविना सुरू करायची तर इलेक्ट्रिकलची 1 आणि मेकॅनिक्सची 2 पायरी लागते. चोर हा व्यवसाय घेतला असेल तर थेट जमतं. व्ही धरून ठेवला की गाडीचा मेनू येतो, त्यातून दुसरी गाडी ओढताही येते. झॉम्बींना उडवत जाण्याचा मोह आवरा. बॉनेट खराब होतं, त्यानंतरचे धक्के इंजिनाला बसतात, आणि गाडी बंद पडते ती नेमकी घोळक्याच्या मध्यात. सावकाश, मोकळ्या बाजूने काढा.

इतकं चांगलं म्हटल्यावर उणिवाही सांगतो. सामानाच्या खिडक्या किचकट आहेत. एका पिशवीतून दुसरीत वस्तू हलवण्यात आयुष्य जातं. पहिला हिवाळा पार पडला, पाणी-वीज-अन्न जागेवर आलं, की पुढे करण्यासारखं फारसं उरत नाही. बोलायला दुसरी जिवंत माणसं नाहीत, त्यामुळे एकट्याने खेळणाऱ्याला इथे पोकळी जाणवते. झॉम्बी पुन्हा येत राहण्याची मूळ सेटिंग आम्हाला पटत नाही. कष्टाने मोकळी केलेली गल्ली काही दिवसांनी पुन्हा भरलेली दिसते. शिवाय त्यांची संख्या 28 व्या दिवसापर्यंत दीडपट होत जाते. सुदैवाने हे सगळं सँडबॉक्समध्ये, म्हणजे नियम स्वतः ठरवून खेळण्याच्या पर्यायात, बदलता येतं. नव्यांनी संख्या कमी ठेवावी, पुन्हा येणं बंद करावं, एका वारात अनेकांना मारण्याची सोय चालू करावी. संसर्ग फक्त चाव्यातून होईल असंही ठेवता येतं. यात कमीपणा काही नाही. रक्त, आत्महत्येची दृश्यं आणि एकूण काळोख बघता लहान मुलांच्या हातात मात्र देऊ नये.

पंचवटी, सिडको, नाशिकरोड असे विखुरलेले चार-पाच मित्र मिळून खेळणार असाल तर हाच गेम कितीतरी पटींनी खुलतो. एकाने सुतारकाम, एकाने गाड्या, एकाने शिवण आणि औषध, एकाने स्वयंपाक आणि मासेमारी अशी वाटणी केली की प्रत्येकाला पुस्तकांचा वेगळा गठ्ठा मिळतो आणि भांडणं होत नाहीत. होस्ट तो करावा ज्याच्याकडे 16 जीबी रॅम, तारेची फायबर जोडणी आणि राउटरला इन्व्हर्टर आहे. होस्टच्या मशीनवर गेम आणि सर्व्हर दोन्ही चालतात, 8 जीबीत ते गुदमरतं. राउटरवर 16261 आणि 16262 हे यूडीपी पोर्ट उघडा असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्यांत घराला स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता) मिळतच नाही, त्यामुळे पोर्ट उघडूनही मित्र आत येत नाहीत. अशा वेळी होस्ट बटणाने सर्व्हर सुरू करून स्टीमच्या मित्रयादीतून आमंत्रण पाठवा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

सर्व्हरच्या सेटिंगमध्ये कोणी नसताना जग थांबेल हा पर्याय चालू आहे ना ते पाहा. नाहीतर सगळे नोकरीवर असताना फ्रिजमधलं अन्न सडत राहील. झोप मूळ सेटिंगमध्ये बंद असते. सगळ्यांनी एकाच वेळी झोपायचं कबूल असेल तरच ती चालू करा, कारण एक जण जागा राहिला तर वेळ पुढे पळत नाही. मॉड पहिल्या महिन्यात टाकूच नका. टाकल्यावर स्टीमवर मॉड मधेच अपडेट झाला तर होस्ट आणि पाहुण्यांची आवृत्ती जुळत नाही आणि एकेकाला आत घेतलं जात नाही. अशा वेळी सगळ्यांनी गेम बंद करायचा, डाउनलोड पूर्ण होऊ द्यायचं आणि होस्टने सर्व्हर नव्याने सुरू करायचा. आवाजासाठी गेममधलीच सोय वापरा, जवळ असलेल्यांनाच ऐकू येतं. लांब गेलेल्याशी बोलायला वॉकीटॉकी शोधावी लागते, आणि दोघांचीही फ्रीक्वेन्सी एकच ठेवावी लागते.